वृद्ध तारकागुच्छांतील ‘तरुण’ तारे

उल्हासनगर-अंबरनाथचे दिवे मागे टाकून लोकल बदलापूरच्या पुढे वांगणीला पोहोचली की आकाश बदलते. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम या गावी होत आले, ते या काळोखासाठीच. मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास चित्रा ताऱ्यापासून सरळ दक्षिण क्षितिजाकडे नजर उतरवली, तर क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवर एक धूसर ठिपका आढळतो. हा ओमेगा सेंटॉरी, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार तारकागुच्छ. उल्हासनगरच्या गच्चीवरून मात्र त्याचा शोध घेणे व्यर्थच. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १७ हजार वर्षे लागतात. १०६० सालचा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय त्यापुढे कालचेच म्हणावे.

आकाशगंगेतील असे बहुतेक गुच्छ १० ते १३ अब्ज वर्षांचे आहेत. जड, निळे तारे इंधन लवकर संपवतात, म्हणून इतक्या वृद्ध गुच्छात ते उरायलाच नकोत. तरीही काही निळे तारे तेथे दिसतात. खगोलशास्त्रज्ञ त्यांना ‘ब्लू स्ट्रॅगलर’ म्हणतात. दोन तारे एकमेकांवर आदळून एकरूप झाले, किंवा एकाने जोडीदाराचे द्रव्य ओढून घेतले, असे दोन खुलासे दिले जातात. यातील खरा कोणता?

येथे अतिनील किरण उपयोगी पडतात. या किरणांत थंड, तांबूस ताऱ्यांची गर्दी मंदावते आणि अतितप्त तारे उठून दिसतात. वातावरणातील ओझोन ते अडवत असल्याने दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटलेल्या भारताच्या ‘अॅस्ट्रोसॅट’वर अशी ‘यूव्हीआयटी’ ही दुर्बीण आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या तिच्या उभारणीत पुण्याच्या ‘आयुका’चाही वाटा होता. तिच्या दोन्ही आरशांचा व्यास प्रत्येकी अवघा ३७.५ सेंटिमीटर, तर हबलचा २.४ मीटर. पण हबलचे दृष्टिक्षेत्र अरुंद आहे. यूव्हीआयटीच्या एका चित्रात जवळजवळ पूर्ण चंद्रबिंबाएवढे आकाश मावते. त्यामुळे गुच्छाच्या गाभ्याबरोबर त्याची विरळ कडही एकदम हाती येते. धाकटेपणाचा हा फायदा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

या कडेनेच एक उत्तर दिले. एनजीसी ५४६६ या गुच्छाच्या बाहेरील भागातील एका ब्लू स्ट्रॅगलरचे अतिनील तेज अपेक्षेहून अधिक भरले. त्याच्याशेजारी एक तप्त श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, असल्याचे भारतीय संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. जेथे तारे इतके विरळ, तेथे टकरीचा संभव कमी. जोडीदाराने आपले बाह्य थर या ताऱ्याला दिले आणि मागे केवळ गाभा राहिला, असाच त्याचा अर्थ लागतो. सर्वच ब्लू स्ट्रॅगलर असे घडले, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. गाभ्यातील दाटीत टकरीही होत असाव्यात.

मे महिन्यातील रात्री हा गुच्छ वांगणीच्या जवळजवळ डोक्यावर येतो, स्वातीच्या उत्तरेस सुमारे दहा अंशांवर. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दुर्बीण मात्र सोबत हवी.