आजीचा भोंडला, नातीचा सूर

हस्त नक्षत्राचा पाऊस मावळातील खाचरांवरून सरू लागतो, इंद्रायणी भाताच्या लोंब्या भरतात आणि नवरात्र येते. या दिवसांत लोणावळ्याच्या माझ्या दवाखान्यात वयोवृद्ध स्त्रियांना तपासताना मी एक प्रश्न आवर्जून विचारतो : भोंडल्याची किती गाणी येतात? सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवणाऱ्या आजी या प्रश्नावर बोटे मोजू लागतात.

यात नवल नाही. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी ताज्या घटना प्रथम निसटतात. बालपणी फेर धरून पुनःपुन्हा म्हटलेली गाणी मात्र बहुधा पुष्कळ काळ टिकतात. गाण्याने हा विकार बरा होत नाही. तशी आशा कोणी दाखवल्यास विश्वास ठेवू नये. परंतु जिला घरात आता कोणी काही विचारत नाही, तिच्यापाशी नातवंडांना देण्याजोगे काही शिल्लक आहे, हे घराला दिसते.

शिकवण्याची पद्धत भोंडल्यानेच घालून दिली आहे. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत नवव्या दिवशी नऊ. म्हणजे नऊ दिवसांत एकूण ४५ वेळा गायन होते आणि पहिले गाणे रोज कानी पडते. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी पाठांतराची याहून सोपी रचना मला ठाऊक नाही. चाल मोजक्या स्वरांत फिरते, टाळीचा ठेका सुटत नाही. आजीने ओळ म्हणावी, मुलांनी प्रथम केवळ शेवटचा शब्द उचलावा. अर्थ मागाहून सांगता येतो. नात वरच्या पट्टीत गाऊ लागली तर तिला गाऊ द्यावे. वयोमानाने आजीचा आवाज खाली उतरलेला असतो.

सासुरवासाची गाणी लहानांना कशाला, असे अनेक तरुण आया विचारतात. आक्षेप मला निराधार वाटत नाही. चाल तीच ठेवून शब्द बदलावेत. सासूच्या जागी शाळेच्या बाई येऊ द्याव्यात, माहेरच्या वाटेवर पुण्याची लोकल आणि खंडाळ्याचे धुके. चाल ओळखीची असल्याने आजीही नव्या शब्दांत सामील होऊ शकतात. मूळ शब्द मात्र एका वहीत लिहून घ्यावेत, आणि ते याच वर्षी.

वृद्धांना फेरात फिरण्याचा आग्रह नको. भोवळ, दुखरे गुडघे आणि ओले अंगण ही पडण्याची पूर्वतयारीच असते. हत्तीच्या पाटाजवळ खुर्ची ठेवावी. टाळी पुरेशी आहे. मधुमेह असल्यास खिरापतीला वाटली डाळ बरी. (लोणावळ्यात चिक्की ठेवू नये : कवळीला ती सोसत नाही आणि मुले पहिल्याच फटक्यात ओळखतात.)

आजी अडखळल्या तर त्यांची परीक्षा घेऊ नये. गेल्या वर्षी पाचव्या माळेला एका घरी रक्तदाब तपासायला गेलो होतो. तिसऱ्या गाण्यात आजी मध्येच थांबल्या. सून काळजीने म्हणू लागली, "आई, आठवा ना." तेवढ्यात सहा वर्षांच्या नातीने पुढची ओळ म्हटली. दोन दिवसांपूर्वी आजीनेच ती तिला शिकवली होती. आजींनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, आणि उरलेले गाणे त्यांनीच पूर्ण केले.