साठ वर तीन

सकाळचे साडेनऊ. सांगलीहून राजस्थानात माझ्याकडे आलेली ताई पलंगावर फाईल पसरून बसली आहे आणि बोटांच्या पेरांवर दिवस मोजते आहे. काल रात्रीही मोजले होते. दाजी दाराशी उकिडवे बसून बुटांना पॉलिश करताहेत. आठ महिन्यांची चिऊ सतरंजीवर पालथी पडून माझ्या चपलेकडे सरकते आहे; मी चप्पल उचलून खिडकीत ठेवतो.

"त्रेसष्ट," ताई म्हणते. "साठ वर तीन."

जन्मदात्रीनं मूल बालकल्याण समितीपुढे सोपवलं, की कायदा तिला फेरविचारासाठी साठ दिवस देतो. इथल्या हिंदीत त्या सोपवण्याला समर्पण म्हणतात. देवळातला शब्द कचेरीत आणून बसवलाय. मन बदललं तर तिनं यायचं आणि मूल घेऊन जायचं. नाही आली, तर समितीचे किमान तीन सदस्य मिळून जाहीर करतात की हे मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे. ताईच्या मांडीवर तोच कागद आहे. त्यात आईचं नाव नाही. असायचंच नाही.

"तीन दिवस जास्त का लागले असतील रे?"

"रविवार आला असेल मध्ये. नाहीतर समितीची बैठक नसेल."

"की आलं असेल कुणी? दारापर्यंत?"

दाजींचा ब्रश थांबतो. बाहेर सायरन वाजत गाड्यांचा ताफा जातो. सिव्हिल लाइन्समध्ये मुख्यमंत्री राहतात, आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय. चिऊ मात्र मान उंच करून ऐकते.

मी पोटासाठी कोर्टाच्या निकालांचे सारांश लिहितो, म्हणून ताईला वाटतं मला सगळं ठाऊक असेल. आईबापांचे हक्क संपवायचे तर अमेरिकेत त्यासाठी वेगळा खटलाच चालतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली सँटोस्की खटल्यात सांगितलं, की पारडं नुसतं झुकून भागणार नाही, पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा. क्रूर प्रकार, पण आईबापांना निदान भांडता येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1984 च्या लक्ष्मीकांत पांडे निकालात, परदेशी दत्तकाच्या संदर्भात, आईची वेगळी काळजी घेतली होती: बाळंतपणाआधी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत तिला हा निर्णय घ्यायला लावू नका. आजच्या, 2015 च्या बालन्याय कायद्याखालच्या दत्तक नियमांत आहेत ते सोपवल्यानंतरचे साठ दिवस. यातलं काहीही मी ताईला सांगत नाही. चहा ओततो.

घरमालकीणबाई वाटीत गूळ घेऊन येतात. शुभ कामाला निघालेल्यांचं तोंड गोड करायचं असतं. चिऊच्या गालाला बोट लावून विचारतात, "इसकी माँ नाते चली गई थी क्या?"

ताई माझ्याकडे बघते. इथल्या काही समाजांत बाई लग्नाचे विधी न करता दुसऱ्या पुरुषाच्या घरी नांदायला जाते, त्याला नाता म्हणतात. मुलं बहुधा मागेच राहतात. राजस्थान सरकारची 2005 पासूनची पालनहार योजना अशा आईच्या जास्तीत जास्त तीन मुलांसाठी, त्यांना सांभाळणाऱ्या नातलगाला दरमहा पैसे देते. तिथे कोणी कोणाचा हक्क तोडत नाही. आई दुसऱ्या गावात असते, पण आईच असते.

"पता नहीं, भाभीजी," दाजी म्हणतात. बाई मान हलवतात. आणखी विचारत नाहीत, याचं मला बरं वाटतं.

आज कोर्टात जायचंच नाहीये. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. (मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये प्रलंबित प्रकरणं त्यांच्याकडे पाठवायला तूर्त मनाई केली होती, दाजींनी ती बातमी कापून ठेवली आहे, फाईलच्या शेवटच्या पानाला टाचून.) सुनावणी बंद दाराआड होणार, मी बाहेर बाकावर बसणार. खरी तोडणी त्या आदेशात आहे. कायद्याचं कलम 63 म्हणतं, आदेशाच्या तारखेपासून जन्मघराशी असलेले बंध तुटतील आणि त्यांच्या जागी नव्या घराचे येतील. तुटणं आणि जुळणं एकाच वाक्यात. चिऊची जन्मदात्री त्या खोलीत नसेल. तिचे साठ दिवस केव्हाच सरलेत.

ताई चिऊला नवं झबलं घालते, काजळाची तीट लावते, मग पुसते आणि पुन्हा लावते, जरा कानामागे.

मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर दाजी फाईल छातीशी धरून पुढे, ताई मागे. सिंधी कॅम्प इथून दोनच स्टेशनं. तिथून कलेक्टोरेटला रिक्षा. फलाटावर ऊन आलंय.

"आदेश झाला की तिला कळवतात का रे?"

"नाही."

ताई पदर ओढून चिऊच्या डोळ्यांवरचं ऊन अडवते. चिऊला ते पसंत नाही. दोन्ही मुठींनी पदर बाजूला सारते आणि रुळांकडे बघून जोरात ओरडते. गाडी वळणावर दिसायला लागली आहे.