ऐकण्याआधीचा हुकूम

माझा मावसभाऊ पोलादपूरजवळ महामार्गाला लागून खानावळ चालवतो. खानावळीला अनेक परवाने लागतात. काही वर्षांपूर्वी त्यांतला एक रद्द केल्याचा कागद त्याच्या हाती पडला. कारण म्हणून एकच शब्द होता, ‘अनियमितता’. तो महाडला माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, चुकलं असेल माझं. पण काय चुकलं ते तरी सांगायला नको का?” मी वकील नाही. पण त्या प्रश्नाने मला कायद्याची पुस्तके उघडायला लावली.

महाडकराला या विषयाची सुरुवात लांब शोधावी लागत नाही. चवदार तळे खासगी आहे, असा दावा डिसेंबर १९२७ मध्ये इथल्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला आणि दुसरी बाजू ऐकण्यापूर्वीच बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांना तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई झाली. त्याच महिन्यात परिषदेला जमलेल्या हजारोंनी तो हुकूम पाळला. तळ्याला मिरवणुकीने वळसा घालून ते पाण्याला हात न लावता परतले. फेब्रुवारी १९२८ मध्ये दोन्ही बाजू ऐकल्यावर त्याच न्यायालयाने मनाई उठवली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही दावेदारांच्या विरुद्ध निकाल दिला. निकड असेल तर एकतर्फी हुकूम निघू शकतो. पण तो शेवटचा शब्द नसतो.

हे झाले न्यायालयाचे. कचेरीने हाच नियम का पाळावा? परवाना म्हणजे सरकारची मेहेरबानी, दिली तशी काढून घेतली, ही समजूत जुनी आहे. संविधानाच्या १९व्या कलमाने व्यवसायाचे स्वातंत्र्य हा मूलभूत हक्क केला, तेव्हा तिचा पाया खचला. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पारपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कायद्यात लिहिलेले नसले तरी बाजू मांडण्याची संधी त्यात गृहीत धरावी.

ऐकणारा कोण, हाही प्रश्न आहे. अंधेरीत चित्रपटगृह बांधण्यासाठी गोरधनदास भानजी यांना १९४७ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली. दोनेक महिन्यांत पत्र आले: सरकारच्या आदेशावरून परवानगी रद्द. नियमाने रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हे. नोव्हेंबर १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, हा आयुक्तांचा स्वतःचा निर्णय नव्हेच. शिवाय हुकूम कागदावर आहे तसाच वाचायचा. ‘आमच्या मनात असे होते’ हा मागाहूनचा खुलासा चालत नाही. म्हणजे ज्याला अधिकार आहे, त्यानेच स्वतः विचार करून ठरवायचे.

आजचा अन्नसुरक्षा कायदा, २००६ पाहा. त्याच्या ३२व्या कलमाप्रमाणे आधी सुधारणेची नोटीस द्यायची. त्रुटी कोणती, उपाय कोणता, हे तिच्यात लिहायचे आणि किमान १४ दिवस द्यायचे. सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित करता येतो. तरीही नाही झाली, तर कारणे दाखवण्याची संधी देऊन मगच रद्द. लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर तत्काळ निलंबन करता येते, पण कारणे लेखी नोंदवून. आणि रद्द झालाच तर १५ दिवसांत अन्नसुरक्षा आयुक्तांकडे अपील. जेवणाऱ्याचे पोट आणि चालवणाऱ्याचे पोट, दोन्हींचा विचार यात आहे.

मावसभावाचे उत्तर आम्ही एका पानात लिहिले: आरोप कोणते ते कळवा, तपासणी अहवालाची प्रत द्या, समक्ष बोलावा. कागद कोणत्या तारखेला मिळाला तेही लिहिले, लिफाफा जपून ठेवला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. सुनावणी झाली. दोन आरोपांपैकी एक खरा निघाला, तो त्याने मान्य केला आणि दुरुस्ती करून दिली. दुसरा त्याच्या खानावळीचा नव्हताच. शेजारच्या गाळ्याची नोंद त्याच्या नावावर चढली होती.

आधी विचारले असते, तर ते पाच मिनिटांत कळले असते. न विचारल्यामुळे चूल दोन महिने बंद राहिली आणि हाताखालची तीन माणसे घरी बसली.