परदेशांतून परतणारीं मुलें आणि त्यांच्या शाळा

मुंबई शहरांतील म्हशींचे गोठे दाट वस्तीबाहेर न्यावे आणि शहराला निर्भेळ दूध मिळावें, या हेतूनें १९४९ सालीं गोरेगांवच्या पूर्वेस आरे कॉलनी वसविण्यांत आली. त्या दुधाच्या वसाहतीभोंवतीं आज निराळेंच जग उभें राहिलें आहे. आंत गोठे आहेत, वारल्यांचे पाडे आहेत, आणि सीमेला लागून आकाशाशीं स्पर्धा करणाऱ्या इमारती आहेत. नेवार्क, दुबई, सिंगापूर, मेलबर्न अशा शहरांतून दहा-बारा वर्षें काढून परतलेलीं मराठी कुटुंबें अशा इमारतींतून राहावयास येतात. नोकरीनिमित्त कांहीं वर्षांपुरते मुंबईस आलेले परदेशी लोकही येतात. घर मिळतें, सामान येऊन पोंचतें. परंतु मुलांना कोणत्या शाळेंत घालावें, या प्रश्नापाशीं सारें अडतें.

अशा कुटुंबांस बहुधा आंतरराष्ट्रीय शाळेचें नांव सुचविलें जातें. ही कल्पना मूळची जिनीव्हाची. राष्ट्रसंघाच्या कचेऱ्यांत काम करण्यास देशोदेशींचे लोक तेथें जमले. त्यांच्या मुलांना कोणत्या देशाचा अभ्यासक्रम शिकवावा, असा पेंच पडला, आणि १९२४ सालीं तेथें पहिली आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढें १९६८ मध्यें त्याच शहरांत ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ म्हणजे आयबी ही संस्था स्थापन झाली. देश बदलला तरी परीक्षा बदलूं नये आणि ती अनेक देशांच्या विद्यापीठांनीं मानावी, हें तिचें सूत्र होय. भारतांत ही पद्धति प्रथम १९७६ सालीं कोडाईकॅनॉलच्या शाळेनें स्वीकारली. पुण्याजवळ महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ मध्यें निघालें. आणि आरेच्या शेजारीं गोरेगांवांत ओबेरॉय इंटरनॅशनल स्कूल २००८ सालीं सुरू झाली.

तथापि पाटीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द असला म्हणजे शाळा आंतरराष्ट्रीय झाली, असें नव्हे. तशा नांवाच्या कित्येक शाळा सीबीएसई किंवा आयसीएसई अभ्यासक्रम शिकवितात. तो अभ्यासक्रम वाईट असें मुळींच नाहीं. पण पालकांची समजूत एक आणि वस्तुस्थिति दुसरी, असें होऊं नये. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा कीं, शाळा कोणत्या मंडळाशीं संलग्न आहे, आणि कोणत्या इयत्तेपर्यंत? आयबीची पूर्ण मान्यता मिळण्यापूर्वीं शाळा केवळ ‘उमेदवार’ असते, हाही भेद लक्षांत ठेवावा. कांहीं शाळांत दहावीपर्यंत केंब्रिजची आयजीसीएसई परीक्षा आणि त्यापुढें दोन वर्षें आयबीचा डिप्लोमा, अशी जोड असते.

दुसरा प्रश्न काळाचा. महाराष्ट्रांतील राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्यें उघडतात, आंतरराष्ट्रीय शाळांचें वर्ष बहुधा ऑगस्टमध्यें सुरू होतें, आखातांतील सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्यें नवा वर्ग भरवितात, आणि ऑस्ट्रेलियांत वर्षाचा आरंभ जानेवारीच्या अखेरीस होतो. मेलबर्नचें वर्ष संपवून डिसेंबरांत परतलेलें मूल येथल्या वर्षाच्या ऐन मध्यावर येऊन पडतें. त्याला अर्धें वर्ष पुढें ढकलावयाचें कीं मागें ओढावयाचें, हें शाळेनें एकटीनें ठरवूं नये. मुलाचें वय, वाचन आणि गणिताची तयारी पाहून पालकांशीं विचारविनिमय करून ठरवावें. पहिलीच्या प्रवेशासाठीं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षें पूर्ण व्हावीं, असा महाराष्ट्राचा नियम आहे.

कागदपत्रांची गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते, परंतु पुष्कळांचें घोडें तेथेंच अडतें. आपल्याकडे ‘शाळा सोडल्याचा दाखला’ हा एक महत्त्वाचा कागद मानतात. अमेरिकेंतील सरकारी शाळांना या नमुन्याचा दाखला ठाऊक नसतो. तेव्हां निघण्यापूर्वींच मूल कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या इयत्तेंत होतें, असें पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनें घ्यावें. मागील दोन वर्षांचीं प्रगतिपुस्तकें, जन्माचा दाखला आणि लस टोंचल्याची नोंद बरोबर आणावी. १९६१ च्या हेग कराराप्रमाणें परदेशी कागदावर ‘अपोस्टील’ नांवाचा शिक्का त्या देशाच्या अधिकाऱ्याकडून घेतां येतो. भारतांत हा करार २००५ मध्यें अमलांत आला. जो देश करारांत नाहीं, तेथील कागदावर भारतीय वकिलातीची साक्ष घ्यावी. समुद्रापलीकडून हा शिक्का मागविणें फार कष्टाचें होतें. तेथें असतांनाच तें काम उरकणें शहाणपणाचें.

कायद्याचेंही थोडें ज्ञान असावें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रवेशासाठीं देणगी घेणें आणि मुलांची किंवा पालकांची चाळणी करणें यांस मनाई केली आहे. वयाचा पुरावा नाहीं, एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारतां येत नाहीं. शिवाय २०२० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा ठरविला. परदेशांत वाढलेल्या मुलाला याची धास्ती वाटणें स्वाभाविक आहे. परंतु उत्तर अमेरिकेंत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आश्रयानें मराठी शाळा चालतात. सुटीच्या दिवशीं तेथें गिरविलेलीं अक्षरें येथें पहिल्याच महिन्यांत उपयोगी पडतात. ज्या घरांत आजीशीं मराठींतून बोलणें कधीं थांबलें नाहीं, तेथें तर ही अडचण निम्मी झालेली असते.

आतां सर्वांत कठीण भाग. शाळेचा विचार करतांना पालक पुढील वर्षाचा विचार करितात. पण खरा परिणाम दहा वर्षांनीं दिसतो. महाराष्ट्रांतील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यांतील जागा मिळवावयाची, तर अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्हीं परीक्षा सामान्यतः राज्यांतूनच उत्तीर्ण व्हाव्या लागतात. दहावी दुबईंत करून आलेल्या मुलीला ही गोष्ट बारावीनंतर कळली, तर तोपर्यंत उपाय उरलेला नसतो. वैद्यकीसाठीं भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्हीं विषय लागतात. आयबी डिप्लोमाच्या नेहमीच्या सहा विषयांच्या रचनेंत तीन विज्ञानविषयांना एकदम जागा नसते आणि त्यासाठीं निराळी परवानगी काढावी लागते. मे महिन्यांतील या परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभीं लागतो. तोंवर येथील कांहीं प्रवेश सुरूही झालेले असतात.

नागरिकत्वाचाही प्रश्न आहे. अमेरिकेंत जन्मलेल्या मुलाजवळ बहुधा तेथील पारपत्र आणि भारताचें ओसीआय कार्ड असतें. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनें अशा विद्यार्थ्यांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा जागांपुरतें पात्र ठरविलें. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या तारखेपूर्वीं कार्ड मिळविलेल्यांना हा निर्बंध लागू होणार नाहीं, असा निर्णय दिला. म्हणजे एकाच घरांतील थोरल्या आणि धाकट्या भावंडांचे मार्ग भिन्न होऊं शकतात.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. आयजीसीएसईचा आणि डिप्लोमाचा अभ्यास प्रत्येकीं दोन दोन वर्षांचा असल्यामुळें त्यांच्या मध्यांत मुलाला उपटून दुसरीकडे लावणें हितावह नाहीं. कायमचें परतावयाचें असेल, तर आठवीच्या अखेरीपर्यंत परतावें. दोन-चार वर्षांनीं पुन्हां परदेशीं जावयाचें असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळेचा मोठा खर्च सार्थकीं लागतो. परंतु येथेंच राहावयाचें, येथील महाविद्यालयांत शिकावयाचें, असा निश्चय असेल, तर शेजारची साधी, चांगल्या शिक्षकांची शाळा अधिक उपयोगाची ठरते. ‘आपण कोठें राहणार?’ या प्रश्नाचें उत्तर घरांत प्रथम ठरलें पाहिजे, ‘कोणती शाळा?’ हा प्रश्न त्यानंतरचा.

शेवटीं, या सर्व हिशेबांत ज्याच्यासाठीं हिशेब करावयाचा त्या मुलाला विसरूं नये. त्याचे मित्र दूर राहिले आहेत, मैदान बदललें आहे, उच्चारांवरून वर्गांत हसूं होण्याची भीति आहे. शाळा पाहावयास जातांना त्याला बरोबर न्यावें, वर्गांत अर्धा दिवस बसूं द्यावें आणि परततांना त्याचें म्हणणें ऐकावें. आरेच्या झाडींतून जाणाऱ्या रस्त्यावर सकाळीं शाळेच्या मोटारी धांवतात, आणि पाड्यांवरचीं मुलेंही त्याच रस्त्यानें पायीं शाळेस निघतात. परतलेल्या मुलाला हे शेजारी आपले वाटूं लागले, म्हणजे तें खऱ्या अर्थानें घरीं आलें, असें समजावें.