नागोयाची बटणं, उरणची हळद

उरण-पेण-अलिबागकडच्या आगरी-कोळी हळदीत बेंजो सुरू झाला की खुर्चीवर कोणी टिकत नाही. पण नाचताना एकदा वाजवणाऱ्याची बोटं बघा. डावा हात टाइपरायटरसारख्या बटणांवर पळतो, उजव्या हातातली नखी तारांवर थरथरते. बटण दाबलं की तार खालच्या पडद्यावर टेकते, तिची कंप पावणारी लांबी घटते आणि सूर चढतो. अमेरिकी बँजोशी या वाद्याचं नातं फक्त नावापुरतं.

मग हे आलं कुठून? चक्क जपानमधून! १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या कळांवरून कल्पना घेऊन ‘ताइशोगोतो’ बनवलं. हौशी माणसालाही घरबसल्या वाजवता यावं असं ते साधं वाद्य. भारतात आल्यावर ते बुलबुलतरंग उर्फ बेंजो झालं. पुढे त्याला पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडले गेले आणि त्याची धारदार तार ढोल-ताशांच्या गदारोळातही ऐकू येऊ लागली. ज्या लग्नांत धवलारीण धवले म्हणजे पारंपरिक लग्नगीतं गाते, त्याच लग्नांच्या हळदीत हे जपानी यंत्र कोळीगीतं वाजवू लागलं.

असाच प्रकार जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदादमध्ये घडला, फक्त उलट्या दिशेने. १८४५ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले गेले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांच्यासोबत ढोलक गेली आणि लोखंडी सळीवर घोड्याच्या नालासारखा तुकडा आपटून वाजवायचा धनतालही. लेंगुआ या भारतीय वस्तीच्या गावचा गारफिल्ड ब्लॅकमन हे ऐकत वाढला. पुढे तो ‘लॉर्ड शॉर्टी’ नावाने कॅलिप्सो ही त्रिनिदादची गाणी गाऊ लागला. १९७०च्या दशकात जमैकाच्या रेगे संगीतापुढे कॅलिप्सो मागे पडतंय असं वाटत असताना त्याने ‘इंद्राणी’ या गाण्यात थेट ढोलक-धनताल आणले. टीका झाली. मग पठ्ठ्याने वाद्यं काढली, पण ठेका ठेवला! ढोलकीचे बोल ड्रमसेटवर गेले, धनतालाची किणकिण ट्रँगलवर. त्यातून सोका हे नवं संगीत घडलं.

सोका फिरून आपल्या दारीही आलं. माँटसेराट बेटावरच्या अ‍ॅरो या गायकाचं १९८२चं सोका गाणं ‘हॉट हॉट हॉट’ मुंबईच्या बाबला-कांचन जोडीने ‘कुछ गडबड है’ म्हणून हिंदीत आणलं.

गंमत बघा. त्रिनिदादच्या सोकात आपली वाद्यं गळाली, ठेका उरला. रायगडच्या किनाऱ्यावर परकं वाद्य आलं, ठेका हलला नाही. आता बेंजोशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही असतात, तरी सहा मात्रांचा तो झुलता कोळी ठेका लागला की आजी आणि नात एकाच मात्रेवर पाय टाकतात. संगीतात पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे वाद्यावरून ठरत नाही. ते नाचणाऱ्यांचे पाय ठरवतात.