कुकर, काळी टाकी आणि अस्वलाचं नाक

दर उन्हाळ्यात भारतातून आमच्याकडे अमेरिकेत कोणी ना कोणी येतं. यलोस्टोन उद्यानाचा बेत ठरतो आणि पाठोपाठ हमखास वाक्य येतं, "ते चालतं घर घेऊ या ना, हॉटेलचा खर्च वाचेल!" चालतं घर म्हणजे आरव्ही. पूर्वी मी हसायचो, आता कागद घेऊन बसतो. पंचवीस-तीस फुटी आरव्ही गॅलनला ८-१० मैल जाते, म्हणजे लिटरला जेमतेम ४ किलोमीटर. शिवाय गाडीचं रोजचं भाडं, ठरलेल्या मैलांच्या वर गेलात तर मैलामागे पैसे, आणि रात्री ती जिथे उभी करायची त्या जागेचं भाडं वेगळं. चौघांसाठी साधी गाडी आणि साधी केबिन माझ्या हिशेबात नेहमी स्वस्त पडली आहे. आरव्ही हौसेसाठी घ्यावी. ट्रकचं लायसन्स लागतं ही भीती मात्र खोटी. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतची आरव्ही गाडीच्या साध्या लायसन्सवर चालवता येते. घाम फुटतो तो रिव्हर्स घेताना.

केबिनबद्दलचा गैरसमज वेगळा. केबिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाकडी हॉटेल उभं राहतं. वायोमिंगमध्ये ग्रँड टिटन उद्यानात, जॅक्सन लेकच्या काठी कोल्टर बे म्हणून वस्ती आहे. तिथल्या ओंडक्यांच्या केबिन खरोखरच जुन्या, आसपासच्या खोऱ्यातून उचलून आणून मांडलेल्या. पण तिथेच 'टेंट केबिन' नावाचाही प्रकार आहे. दोन भिंती ओंडक्यांच्या, दोन कॅनव्हासच्या, आत फळ्यांचे बंक आणि लाकडावर पेटणारी शेगडी. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं, रात्री संडासला जायचं तर टॉर्च घेऊन निघायचं. आमच्या एका भाच्याने नुसतं 'केबिन' एवढंच वाचून बुकिंग केलं आणि बायकोला सुटकेसभर इस्त्रीचे कपडे घ्यायला लावले. तो विषय त्यांच्या घरी अजून निघतो.

पुढचा घोळ उंचीचा. "तळं आहे ना, मग खाली दरीतच असेल!" यलोस्टोन लेकचं पाणी समुद्रसपाटीपासून ७,७३३ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही दोन हजारांहून जास्त फूट वर. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. पातेल्यातला भात तासभर रटरटत राहतो आणि मधला दाणा कच्चाच. डाळीचं तर विचारू नका. "कशाला हवा तो कुकर, पिकनिकला चाललोय!" म्हणणाऱ्यांना मी ऐकून घेतो आणि कुकर गाडीत टाकतो. घरच्यापेक्षा एखाद-दुसरी शिट्टी जास्त द्यावी लागते. ती रात्री शांततेची वेळ सुरू होण्याआधी द्यावी, नाहीतर शेजारच्या आरव्हीतून माणसं बाहेर येऊन बघतात.

याच उंचीचा दुसरा परिणाम पिण्याच्या पाण्यावर होतो. तळ्याचा तळ दिसतो म्हणून ओंजळ तोंडाला लावू नये. नितळ पाण्यातही जिआर्डिया नावाचा परजीवी असू शकतो, आणि तो अंगात शिरला की पोट बरेच दिवस सुधारत नाही. एरवी पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरतं, पण साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटं उकळावं असा अमेरिकी आरोग्य खात्याचा सल्ला आहे. पोहणाऱ्यांनीही बेत बदलावा. बाहेर टी-शर्टचं ऊन असलं तरी या तळ्याचं पाणी सरासरी ५ अंशांच्या आसपास असतं, आणि तशा पाण्यात माणूस वीस-तीस मिनिटंच तग धरतो असं उद्यानाचे लोक सांगतात. मे महिन्यात तर तळ्यावर बर्फही असतो.

तळ्यातून यलोस्टोन नदी जिथे बाहेर पडते, तिथे फिशिंग ब्रिज आहे. नाव ऐकून गळ घेऊन गेलेले लोक मी पाहिले आहेत. आजचा लाकडी पूल १९३७ चा, आणि त्यावरून मासेमारी १९७३ पासून बंद. कारण त्याच जागी स्थानिक कटथ्रोट ट्राउट अंडी घालतात. त्या माशांच्या मागे ग्रिझली अस्वलं येतात, म्हणून शेजारच्या आरव्ही पार्कात तंबूच काय, कापडी भिंतींचा ट्रेलरही चालत नाही. जंगलात आलो म्हणजे शेकोटी, हाही समज इथे गाडीतच ठेवावा लागतो, कारण या पार्कात शेकोटीला परवानगी नाही.

"पत्र्याच्या आत आहोत, मग अस्वलाचं काय भय?" भय कमी खरं, पण अस्वल भिंत बघून येत नाही, वास घेऊन येतं. त्याच्या लेखी चकली, टूथपेस्ट, साबण आणि काल रात्रीचं खरकटं पातेलं सारखंच. लेक टाहोकडची काळी अस्वलं तर गाडीचं हँडल ओढून दार उघडतात. एका कॅम्पग्राउंडवर मी तुपाची बरणी सीटखाली विसरलो होतो. सकाळी बघतो तर दाराच्या रबरवर नखांच्या चार रेघा, आतून बघावं तर बाहेरच्या बाजूला काचेवर नाकाचा ओला ठसा. तेव्हापासून तूप अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत. आणि अस्वलाच्या धाकात गव्यासारख्या बायसनला विसरू नका. यलोस्टोनमध्ये सगळ्यात जास्त माणसं बायसननेच जखमी केली आहेत, आणि तीही बहुधा फोटोसाठी जवळ गेलेली. अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड आणि बायसनसकट बहुतेक बाकीच्यांपासून २५ यार्ड लांब राहायचं, असा नियमच आहे.

आता टाकी. आरव्हीत नळ आहे म्हणजे पाणी आहे, असं घरून आलेल्याला वाटतं. नळजोडणी नसलेल्या जागी सगळा संसार टाकीतल्या दीडेकशे लिटरवर, आणि गिझर बहुधा सहा गॅलनचा, म्हणजे आपली एक मोठी बादली. भांडी-अंघोळीचं पाणी करड्या टाकीत जातं, संडासाचं काळ्या टाकीत. ज्या जागी सांडपाण्याची जोडणी असते तिथे बरेच जण काळ्या टाकीची चावी उघडीच ठेवतात. आपोआप रिकामी होईल ही समजूत, पण होतं भलतंच. पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत थिजून बसतं. चावी बंद ठेवावी, टाकी बऱ्यापैकी भरू द्यावी, मग एकदम सोडावी. आधी काळी, नंतर करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइपही धुऊन निघतो.

गेल्या वर्षी सोलापूरची आत्या आली होती. मी तिला टाक्यांचं हे सगळं समजावत होतो. तिने ऐकून घेतलं, बेसिनमध्ये तांब्या ठेवला आणि नळाची धार करंगळीएवढी करून चौघांची ताटं विसळून काढली. "आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही," ती म्हणाली, "तुझी टाकी किती दिवसांनी भरतोस?" तिसऱ्या दिवशीही टाकीत निम्मं पाणी होतं. तिच्याआधी आलेल्या पाहुण्यांनी ती पहिल्याच संध्याकाळी संपवली होती.