कांद्यावरची काजळी आणि पडद्यावरचे माप

शालेय प्रयोगशाळेत पेशीची पहिली ओळख बहुधा कांद्याच्या पापुद्र्यातून होते. आणि लासलगावसारख्या, कांद्याच्या लिलावांवर ज्याचे अर्थकारण उभे आहे अशा गावात, त्याच कांद्याच्या सुक्या सालीखाली जमणारी काळी भुकटी विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवांवरील दृक्‌श्राव्य सादरीकरणासाठी आयता विषय पुरवते. ही भुकटी म्हणजे ॲस्परजिलस नायजर या बुरशीचे बीजाणू, अर्थात ज्यांपासून नवी बुरशी उगवते असे सूक्ष्म कण होत. कांदे साठवण्याच्या चाळीत हवा खेळती नसली आणि उष्मा व दमटपणा एकत्र आले, की ती झपाट्याने पसरते.

अशा सादरीकरणात सर्वाधिक दुर्लक्षित राहते ते माप. पडद्यावर पेशी आणि बीजाणू सारख्याच आकाराचे दिसू शकतात. प्रत्यक्षात पापुद्र्याची पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब भरते, तर बीजाणूचा व्यास अवघा चार मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या हिश्शाएवढा असतो, त्यामुळे एका पेशीच्या लांबीत साठेक बीजाणू ओळीने मावतील. म्हणून आधी पारदर्शक मोजपट्टी भिंगाखाली ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून काढलेली मापरेषा प्रत्येक चित्रावर छापावी. 'इतके पट मोठे' हे शब्द पडदा बदलताच निरर्थक ठरतात.

महागडे उपकरण यासाठी अनिवार्य नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडलेला फोल्डस्कोप हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. मात्र त्यातून सुटा बीजाणू ठिपक्याएवढाच दिसतो, हे निवेदनात सांगायला हवे. भुकटी फुंकू वा हुंगू नये, ती चिकटपट्टीवर उचलून काचपट्टीवर दाबावी. अनेक दिवसांची वाढ काही सेकंदांत दाखवताना खरा कालावधी कोपऱ्यात नोंदवणे आवश्यक आहे, आणि बुरशीला भयपटाचे संगीत देण्याचा मोह तर टाळावाच.

लासलगावातच भाभा अणू संशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र 2002 पासून आहे, आणि तेथून या विषयाला आणखी एक धागा मिळतो. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याच्या कोंबातील पेशींचे विभाजन थांबते व कांदा उगवत नाही. पण बुरशी मारण्यास त्याहून कितीतरी अधिक मात्रा लागत असल्याने, कोंब न फुटलेल्या कांद्यावरही काजळी येऊ शकते.